नळीतला साक्षीदार

हिमवर्धन कंपनीच्या गाडीतून गळालेला गॅस सुनावणीला वेळेवर येऊन पुढच्या खुर्चीत बसला होता. कुमुदिनी चौगुल्यांचा गॅस मात्र आला नव्हता, कारण तो अजून नळीतच होता.

“अर्जदार हजर. जाबदार हजर. अर्जदारांचा साक्षीदार हजर,” लिपिकानं वाचलं. मग चष्म्यावरून सगळ्या खुर्च्या पाहून घेतल्या. “जाबदारांचा साक्षीदार गैरहजर.”

हे असं होणार हे कुमुदला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि भर कचेरीत पुकारा होणं वेगळं.

गाडीच्या एसीत गॅस एका नळीतून दुसरीत फिरत असतो. दोन नळ्या जिथं मिळतात तिथं जोड असतो, आणि गॅस पळतो तो तिथूनच. ह्या जोडांच्या पेटंटवरून माणसं एकमेकांची डोकी फोडायला उठतात. तसं होऊ नये म्हणून कोल्हापुरात ताराराणी चौकाजवळ विभागीय जोडहक्क कार्यालय आहे. तिथला नियम सरळ आहे. जोड कसा आहे हे मालकानं सांगायचं नाही, कारण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं हे मालकाचं ठरलेलंच असतं. जो जोडाच्या आत राहिला त्या गॅसनंच सांगायचं, आणि तेही जातीनं हजर राहून. आजवर ह्या नियमानं कुणाचं अडलं नव्हतं. गॅस आज ना उद्या गळायचा, आणि गळाला की साक्षीला मोकळा व्हायचा.

कुमुदचा गळत नव्हता. तिचं दुखणं तेवढंच होतं.

हिमवर्धनचं म्हणणं असं, की कुमुदनं बनवलेला जोड म्हणजे आमच्याच पेटंट घेतलेल्या जोडाची नक्कल आहे. ते खरं ठरलं असतं तर तिनं आजवर जितक्या गाड्यांना तो बसवला तितक्या गाड्यांतून तो तिलाच उघडून काढावा लागला असता. पहिला जोड सिकंदर मुजावरच्या गाडीत होता. तो तिनं आपल्या हातानं आवळलेला. तो आपल्याच हातानं उघडायचा ह्या विचारानं तिला आठवडाभर भाकरी गोड लागली नव्हती.

ह्या जोडाची सुरुवात तिच्या लग्नात झाली. भर मे महिन्यात गडहिंग्लजहून कोल्हापूरला वरात निघाली. भाड्याच्या गाडीचा एसी उत्तूरच्या अलीकडेच फुस्स झाला आणि नवरी सासरच्या दारात पोचली तेव्हा काजळ हनुवटीला टेकलं होतं. सासूबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “पोरगी रडत आलीया का वितळत?” त्यांनी विचारलं. सगळी आळी हसली. त्या हसण्याच्या नादात उंबऱ्यावर तिला ‘ये’ म्हणायचं मात्र सगळेच विसरले. मनातल्या मनात का होईना, कुमुद त्या उंबऱ्यावर बरीच वर्षं उभी राहिली.

नवऱ्याचं उद्यमनगरात एसीचं गॅरेज होतं. ती डबा द्यायला जाऊ लागली, मग पाना हातात द्यायला लागली, मग घ्यायला लागली. नवरा तिच्या हाताखाली नेमका कधी आला हे त्याचं त्यालाही कळलं नाही. तो गल्ल्यावर बसून आलेल्यागेलेल्याला चहा सांगण्यात सुखी होता. आणि एक दिवस तिनं न गळणारा जोड बनवला. त्यात रबराच्या दोन रिंगा होत्या. पहिलीला चुकवून गॅस पुढं सरकला की त्याच्याच जोरानं दुसरी फुगून बसायची. पळणाऱ्याच्या धक्क्यानंच दार लागायचं.

गॅस भरण्याआधी ती पान्यानं नळीवर टकटक करायची आणि म्हणायची, “या, घर आपलंच हाय.” गिऱ्हाईक हसायचं. ती हसायची नाही.

*

सुनावणी अधिकारी केळुसकर हे मालवणकडचे, वक्तशीर आणि सर्दीला भिणारे गृहस्थ. त्यांनी मफलर नीट करून साक्षीदाराला पिंजऱ्यात बोलावलं.

गॅस दिसत नव्हता, पण तो कुठं आहे ते सहज कळायचं. त्याच्या खुर्चीच्या हातांवर दव धरलं होतं, आणि तो चालत गेला तशी फरशीवर ओली पट्टी उमटत गेली. शिपायानं मागून फडकं मारलं. साक्षीदार वायू असला की शिपायाला फडकं द्यायची त्या कार्यालयात पद्धतच आहे.

हिमवर्धनचे वकील धारवाडकर पुण्याहून आले होते. कंपनीच्याच गाडीतून आले होते आणि कॉलर घामानं भिजली होती, पण त्याचा उल्लेख कुणी केला नाही.

“आपण आमच्या जोडामागे राहत होतात?” त्यांनी विचारलं.

“राहत होतो,” गॅस म्हणाला. आवाज बारीक आणि दमलेला होता.

“सोय कशी होती?”

“उत्तम.”

“जोडात कुठं फट?”

“माझ्या तरी पाहण्यात नाही.”

“गळती?”

“छे छे.”

कुमुद उभी राहिली. तिनं वकील दिला नव्हता. वकिलाला सगळं समजावून सांगण्यापेक्षा आपणच बोललेलं बरं, असा तिचा हिशेब होता.

“मग तुम्ही हितं कसं काय आलाय, बाबा?” तिनं विचारलं.

“हरकत आहे!” धारवाडकर म्हणाले. “साक्षीदाराच्या प्रवासाबद्दल प्रश्न विचारता येत नाहीत.”

“हरकत मान्य,” केळुसकर म्हणाले. “साक्षीदार कसा आला हे बघायचं नसतं, बाई. तो आला एवढंच बघायचं असतं.”

कुमुद खाली बसली. तिला रागही आला आणि हसूही, पण दोन्ही गिळून टाकण्यात शहाणपण होतं.

“आता जाबदारांकडे वळू,” धारवाडकर म्हणाले. “त्यांचा साक्षीदार येत नाही. ह्याचे अर्थ दोनच. एकतर नळी रिकामी आहे, नाहीतर साक्षीदाराला डांबून ठेवलंय.”

“डांबून?” केळुसकरांनी लेखणी खाली ठेवली. “हे गंभीर आहे.”

“कुणी डांबलं न्हाई, साहेब,” कुमुद म्हणाली. “तो सुखात हाय.”

“तसं त्यानं इथं येऊन सांगावं.”

“सुखात हाय म्हणून तर येईना.”

केळुसकरांनी ते लिहिलं, वाचलं आणि खोडलं. मग त्यांनी आदेश दिला: जेवणाच्या सुट्टीनंतर जाबदारांनी आपला साक्षीदार कार्यालयाच्या आवारात हजर करावा, अन्यथा निकाल एकतर्फी लागेल. धारवाडकरांनी कुमुदकडे पाहून मान लववली. तिनं काय करावं अशी त्यांची इच्छा आहे, हे तिला त्या मान लववण्यातच कळलं.

*

सिकंदरची गाडी आवारात बदामाच्या सावलीला उभी होती. वरातीची गाडी ती, पांढरीधोप, लाल मखमलीच्या सीटा, आरशाला कायमची प्लॅस्टिकची मोगऱ्याची माळ. आजूबाजूच्या तालुक्यांतल्या कितीतरी पोरी त्या गाडीतून सासरी गेल्या, आणि एकीचंही काजळ हललं नाही. सिकंदरला ह्याचा इतका अभिमान होता की नवरी उतरली की तो आधी तिच्या डोळ्यांकडे पाहायचा आणि मग भाड्याचं बोलायचा.

“वैनी, अर्धा आटा,” तो म्हणाला. बॉनेट त्यानं आधीच उघडून ठेवलं होतं. “फकस्त अर्धा आटा ढिला करा. थोडा भाईर येऊंदे, साक्ष देऊंदे, मिटलं. बाकीचा हाय तसा आत.”

“आणि धारवाडकर काय म्हणंल? चौगुलेबाईंचा जोड गळला म्हणंल.”

“मग न्हाई केला तर हारतोय की!”

खरं होतं. जिंकायचं तर जोड गळायला हवा होता, आणि जोड गळाला तर जिंकून करायचं काय? कुमुदनं पाना घेतला. नटावर बसवला. नट गार होता, हाताला बरा वाटणारा गार. आत गॅस नेहमीसारखा निवांत असणार. बाहेर आपल्या नावानं काय पुकारे चाललेत ह्याची त्याला गंधवार्ता नसणार.

तिनं पान्यावर जोर दिला नाही, पण द्यायला निघाली होती हे मात्र खरं. आणि त्या क्षणी तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. घर आपलंच आहे म्हणून सांगायचं, आणि घर चांगलं आहे हे लोकांना पटवायला त्यालाच ओढून रस्त्यावर उभं करायचं! असल्या यजमानणीच्या दारात कुणी पाणी तरी पिईल का?

“न्हाई जमायचं, सिकंदरभाई,” तिनं पाना काढून घेतला.

“अर्धा आटा भरपूर झाला असता,” कुणीतरी म्हणालं.

बॉनेटच्या कडेला दव धरलं होतं. हिमवर्धनचा गॅस तिथं येऊन टेकला होता.

“मी एकदा अर्ध्या आट्यातून आख्खा गेलोय,” तो म्हणाला. “टेंपो होता. इस्लामपूरला.”

सिकंदर हात झटकून त्याला हाकलायला निघाला, पण कुमुदनं त्याला थांबवलं. “बसा, बाबा,” ती म्हणाली. “जेवलाय का?”

“मी जेवत नाही.”

“ते म्हाईत हाय. इचारायची पद्धत असत्या.”

बॉनेटवरचं दव थोडं दाट झालं.

“मला आजवर कुणी विचारलं नव्हतं,” गॅस म्हणाला.

मग तो बोलत राहिला. इस्लामपूरच्या टेंपोनंतर तो मिरजेच्या एका डॉक्टरांच्या गाडीत होता, मग कंपनीच्या गाडीत. सगळीकडून बाहेर पडला. बाहेर पडायची हौस नव्हती. पण फट दिसली की राहवत नाही, आणि फट सगळीकडेच असते. बाहेर आल्यावर उन्हाळ्यात बरं चालतं. स्टँडवर बाकड्यावर बसलं की लोक आपणहून जवळ सरकतात. थंडी पडली की तेच लोक हाकलून देतात.

“मग कचेरीत खोटं कशापायी बोललाय?” कुमुदनं विचारलं.

“साक्ष दिली की परत आत घेऊ म्हणालेत.”

“त्याच जोडात?”

“त्याच.”

“म्हणजे परत गळणार.”

“हो,” गॅस म्हणाला. “पण तोवर तरी आत.”

कुमुदला गलबलून आलं. आपल्या विरुद्ध पक्षाच्या साक्षीदाराचं आपल्याला एवढं वाईट का वाटावं, हे तिला कळेना. तिनं पदरानं उगीचच बॉनेट पुसलं.

“आत कोण आहे?” गॅसनं हळूच विचारलं.

“ह्या गाडीचा गॅस. पैल्यापासनं त्योच हाय.”

“पहिल्यापासून? मध्ये कुठं गेलाच नाही?”

“कुठं जाईल? घर हाय न्हवं त्याचं.”

सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी बॉनेटवरचं दव तिथंच होतं.

*

“जाबदारांचा साक्षीदार?” केळुसकरांनी विचारलं.

“हजर हाय, साहेब,” कुमुद म्हणाली. “पण बंद हाय.”

“म्हणजे?”

“तुम्ही आवारात हजर करा म्हणालासा. आवारातच हाय. बदामाखाली.”

धारवाडकर उठले, पण केळुसकरांनी हातानं त्यांना थोपवलं आणि स्वतःचाच आदेश पुन्हा वाचला. ‘आवारात’ असंच लिहिलेलं होतं. आदेशाच्या पुढं केळुसकरांचं कधीच काही चालत नसे, मग तो त्यांचा स्वतःचा का असेना. ते मफलर सावरत उठले आणि सगळं कार्यालय जिना उतरून खाली आलं.

केळुसकरांना नवरीच्या जागेवर बसवण्यात आलं. लिपिक करवलीच्या जागी बसला. सिकंदरनं इंजिन चालू केलं.

“साक्षीदारास बोलता येत नसल्यामुळे,” केळुसकरांनी लिपिकाला सांगितलं, “‘होय’ म्हणजे गार हवा आणि ‘नाही’ म्हणजे साधी हवा, असं धरण्यात येत आहे.” मग ते एसीच्या जाळीकडे वाकले. “आपण आत आहात का?”

जाळीतून गार झुळूक आली. लिपिकाच्या हातातले कागद फडफडले.

“आपल्याला कुणी डांबून ठेवलंय का?”

झुळूक उबदार झाली. गाडीत एकदम उकडायला लागलं. केळुसकरांनी मफलर सैल केला.

“जोडात कुठं फट आहे का?”

उकाडा तसाच राहिला. लिपिकानं टिपकागदानं कपाळ टिपलं.

“आपण सुखात आहात का?”

ह्यावर जे आलं त्याला झुळूक म्हणता येणार नाही. काचांवर धुकं धरलं, मोगऱ्याची माळ डोलायला लागली आणि केळुसकरांना लागोपाठ शिंका आल्या. सिकंदरनं डिकीतून नवरीसाठी ठेवलेला शेला काढून त्यांच्या खांद्यावर घातला. जरीचा हिरवा शेला पांघरून अधिकाऱ्यांनी नोंद सांगितली: साक्षीदार सुखात आहे आणि त्याबद्दल ठाम आहे.

ते खाली उतरल्यावर कुमुदनं साबणाचा फेस केला. गळती शोधायची तिच्या धंद्यातली ही सगळ्यात जुनी रीत: जोडाला फेस लावायचा आणि बघत बसायचं; कुठं गॅस निसटत असेल तर तिथं बुडबुडा धरतो. तिनं नटाभोवती फेस लावला. सगळे वाकून बघू लागले. फेस नुसता पांढरा बसून राहिला.

कुमुदनं पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला. तो पुरता सोडायच्या आत धारवाडकर टाळ्या वाजवायला लागले.

“फार छान!” ते म्हणाले. “मला ह्यातलं सगळं मान्य आहे. जोडात फट नाही, गळती नाही, साक्षीदार सुखात आहे. आमच्या साक्षीदारानं सकाळी आमच्या जोडाबद्दल शब्दन् शब्द हेच सांगितलं. साहेब, दोन्ही साक्षी तंतोतंत जुळतात. म्हणजे दोन्ही जोड एकच. नक्कल सिद्ध झाली.”

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तसंच झालं होतं. जोड चांगला आहे हे कुमुदनं जितकं पटवून दिलं होतं, तितका तो तिच्या हातून गेला होता. सिकंदर तोंड फिरवून आरशातली माळ नीट करू लागला.

“मुद्दा आहे,” केळुसकर म्हणाले. आवाजात खंत होती, पण मुद्दा तो मुद्दा. “बाई, तुम्हाला काही म्हणायचं आहे?”

तिला पुष्कळ म्हणायचं होतं, पण त्यातलं कचेरीत चालण्यासारखं काही नव्हतं.

“मला साक्ष दुरुस्त करायची आहे,” हिमवर्धनचा गॅस म्हणाला.

“साक्षीदाराची तब्येत बरी नाही,” धारवाडकर घाईनं म्हणाले. “प्रवासाची दगदग...”

“प्रवासाबद्दल काही विचारायचं नाही असं आपलं ठरलंय,” केळुसकरांनी आठवण करून दिली. “बोला, साक्षीदार.”

गॅस आधी जोडापाशी गेला. नटाभोवती दवाचं एक बारीक वळं उमटलं. ते डावीकडून सरकत गेलं, खाली थांबलं, पुन्हा मागं आलं. मग उजवीकडून. मग नळीच्या कडेकडेनं, देवळाला घालावी तशी एक पूर्ण प्रदक्षिणा झाली. कार्यालयातले सगळे जण आवारात उभे होते आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

“हिमवर्धनच्या जोडातून,” गॅस शेवटी म्हणाला, “मी नटाच्या डाव्या अंगानं, रिंगेच्या खालून निघालो. हात धरून नेल्यासारखी वाट आहे तिथं. तीच वाट मी इथं शोधली. नाही. दुसऱ्या बाजूनं पाहिली. नाही. मी पुष्कळ जोडांतून बाहेर आलोय, साहेब, आणि वाट नाही असा जोड मी आजच पाहिला. दोन्ही जोड एकच असते तर वाटही एकच असती. आणि वाट असती, तर हे आतले केव्हाच माझ्या शेजारी स्टँडवर बसलेले असते.”

“हरकत आहे!” धारवाडकर ओरडले. “हा प्रवासाचा वृत्तांत आहे!”

“प्रवासाबद्दल प्रश्न विचारता येत नाहीत,” केळुसकर म्हणाले. “ह्यांना कुणी विचारलं नाही. ह्यांनी आपण होऊन सांगितलं.”

“हा साक्षीदार फितूर झालाय!”

“तो तुमचा साक्षीदार आहे. सकाळी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवा म्हणून तुम्हीच सांगितलंत. मी ठेवतो आहे.”

आणि अंगावरचा शेला न काढताच, बॉनेटवर कागद ठेवून केळुसकरांनी निकाल सांगितला. दोन जोड एक नाहीत. चौगुल्यांचा जोड चौगुल्यांचा आहे आणि त्याची नोंद त्यांच्याच नावावर व्हावी. आतल्या साक्षीदाराला यापुढे कोणत्याही सुनावणीस बाहेर बोलावू नये. हजर साक्षीदाराला परत पोचवण्याची जबाबदारी, नियमाप्रमाणे, त्याला आणणाऱ्या पक्षाची राहील.

“कुठं पोचवू?” धारवाडकरांनी कपाळाला हात लावून विचारलं.

“तो म्हणेल तिथं,” केळुसकर म्हणाले आणि शिंकले.

सिकंदरनं इंजिन बंद केलं आणि शर्टाच्या बाहीला डोळे पुसले. कुमुद रडली नाही. तिनं नटावरचा फेस पुसला आणि तळहात थोडा वेळ तिथंच ठेवला.

*

उन्हं कलली तेव्हा कंपनीची गाडी उद्यमनगरात कुमुदच्या गॅरेजपुढं येऊन उभी राहिली. चारी काचा खाली होत्या. पुढं धारवाडकर, आणि मागच्या सीटवर नुसतं दव.

“हा इथंच यायचं म्हणतोय,” धारवाडकर म्हणाले. ते उतरले, पण जागेवरच उभे राहिले. “आणि एक विचारायचं होतं. तो तुमचा जोड... ह्या गाडीला बसेल का?”

“बसंल की,” कुमुद म्हणाली. “तुमचाच हाय म्हणत होतासा, मग न बसायला काय झालं?”

धारवाडकरांनी हे निमूटपणे घेतलं. पुण्याचा रस्ता लांब होता आणि ऊन अजून होतं. कुमुदच्या नवऱ्यानं गल्ल्यावरून उठून त्यांना खुर्ची दिली आणि चहा सांगितला. चहा सांगताना तो पक्षकार कोण हे कधी विचारत नसे.

कुमुदनं जुना जोड काढला. नळीची तोंडं पुसली, रिंगांना तेलाचं बोट लावलं, नवा जोड बसवला. गॅस भरायचं तोंड तेवढं उघडं ठेवलं. मग पाना घेतला आणि नळीवर टकटक केली.

“या,” ती म्हणाली. “घर आपलंच हाय.”

नळीच्या तोंडाशी दव धरलं आणि तिथंच थबकलं.

“परत बाहेर यायचं झालं तर?” गॅसनं विचारलं.

“वाट न्हाई, बाबा. खरं तेच सांगतो.”

तो जरा वेळ घुटमळला. इतक्या दिवसांची फटी शोधायची सवय, ती अशी दारात टाकून जायची म्हणजे वेळ लागणारच. कुमुदनं घाई केली नाही.

“बरं झालं,” तो म्हणाला, आणि आत गेला.

ती झाकण बसवणार, तेवढ्यात आतून आवाज आला. नळीतून येत असल्यामुळे तो थोडा घुमत होता, पण दमलेला वाटत नव्हता.

“तुम्ही पण या हं कधी घरी.”

कुमुदचा हात पान्यावरच राहिला. एवढ्या वर्षांत तिनं कितीकांना आत बोलावलं होतं. तिला कुणी असं आतून बोलावलं नव्हतं. तिनं पदर डोळ्यांना लावला. काजळ थोडं पसरलं असणार, पण तिनं ते पुसलं नाही.

“येतो की,” ती म्हणाली.

मग तिनं नट आवळला आणि फेस लावला. नवरा, धारवाडकर आणि ती, तिघंही वाकून बघत राहिले. चहा निवून गेला. एकही बुडबुडा आला नाही. फेस वाळल्यावर धारवाडकरांनी काचा वर घेतल्या आणि ते पुण्याला निघाले.